गेमिंग संगणकातील मेमरीचे दोष: निदान आणि दुरुस्ती

गेम रंगात आलेला असताना पडदा थिजतो, आवाज एकाच सुरावर अडकतो आणि काही क्षणांत संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होतो. असे दोन-तीनदा घडले की बहुतेकांचा संशय रॅमवर जातो आणि लगेच नवी रॅम मागवण्याचा विचार सुरू होतो. संशय पुष्कळदा योग्य असतो, पण खरेदीची घाई क्वचितच योग्य ठरते, कारण ‘मेमरीचा प्रॉब्लेम’ या एकाच नावाखाली निदान चार वेगळे दोष मोडतात. रॅम खरोखरच अपुरी पडत असेल; रॅम पुरेशी असूनही एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर (संगणकातील एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) ती गिळत असेल; रॅम धडधाकट असूनही तिला झेपणार नाही अशा वेगाने चालवली जात असेल; किंवा स्टिक (रॅमची पट्टी), स्लॉट (ती बसवण्याची खाच) अथवा प्रोसेसरचे सॉकेट (मदरबोर्डवरील त्याची बैठक) यांपैकी काहीतरी खरोखर बिघडलेले असेल. नव्या रॅमने यांतले सगळे दोष जात नाहीत, आणि तिसऱ्या प्रकारात तर जुन्या दोन स्टिकच्या जोडीला आणखी दोन घातल्याने दोष वाढतो.

पुढील पायऱ्या विंडोज १० किंवा ११ वर चालणारा, घरी वापरला जाणारा डेस्कटॉप संगणक गृहीत धरून लिहिल्या आहेत. त्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की फुकटात आणि कॅबिनेट न उघडता होणारी कामे आधी यावीत. एका वेळी एकच बदल करावा आणि केलेला प्रत्येक बदल कागदावर लिहून ठेवावा. एकाच संध्याकाळी बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डमधला प्रोग्राम) अपडेट केले, ड्रायव्हर बदलला आणि स्टिकही हलवल्या, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि महिन्याभराने तो परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

पायरी पहिली: संगणक मंदावतो आहे की चुकतो आहे?

मेमरी कमी पडली तर संगणक मंदावतो आणि मेमरी बिघडली तर संगणक चुकतो. ही एक खूणगाठ बांधली तर निम्मे निदान इथेच होते. गेममध्ये नवा परिसर उघडताना अर्धा-एक सेकंद अडखळणे, गेममधून बाहेर पडल्यावर डेस्कटॉप बराच वेळ सुस्त राहणे, ब्राउझर बंद केल्यावर गेम सुरळीत चालणे ही सगळी कमतरतेची लक्षणे आहेत. याउलट मोठी झिप फाइल उलगडताना सीआरसी एरर (फाइलमधली माहिती जुळत नसल्याची सूचना) येणे, गेमच्या फाइल तपासून घेताना दर वेळी वेगळीच फाइल खराब निघणे, ब्राउझरचे टॅब विनाकारण कोसळणे आणि निळा पडदा येऊन त्यावर दर वेळी निराळा कोड दिसणे ही चुकण्याची लक्षणे होत. त्यांचा अर्थ असा की रॅममध्ये लिहिलेले आणि रॅममधून वाचलेले जुळत नाही.

‘दर वेळी निराळा’ या शब्दांवर भर देण्याचे कारण आहे. निळ्या पडद्यावर दर वेळी एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर आधी त्या ड्रायव्हरकडे पाहावे. परंतु आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, परवा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ असे फिरते कोड येत असतील, तर चूक कोणत्या पत्त्यावर पडेल याचा नेम नाही हेच त्यातून दिसते आणि रॅमवरचा संशय बळावतो. केवळ ‘मेमरी मॅनेजमेंट’ हे नाव वाचून मात्र रॅमला दोषी ठरवू नये, कारण सदोष ड्रायव्हरनेही हा कोड येऊ शकतो.

मागच्या काही आठवड्यांत काय घडले हे पाहण्यासाठी स्टार्ट मेनूमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे शोधून रिलायबिलिटी मॉनिटर उघडावा. त्यात दिवसवार कोसळलेले प्रोग्राम आणि अचानक बंद पडलेली विंडोज यांची नोंद असते. दोष पहिल्यांदा दिसला त्याच्या आदल्या दिवशी काय बदलले होते, नवा ड्रायव्हर आला होता, बायोस अपडेट झाले होते की नवी स्टिक बसवली होती, हे तारखेवरून आठवून पाहावे.

पायरी दुसरी: टास्क मॅनेजरमधील आकडे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी’ निवडावी आणि गेम चालू असतानाच हे आकडे पाहावेत. गेम बंद केल्यावरचे आकडे निरुपयोगी असतात.

सर्वांत आधी एकूण रॅम पाहावी. १६ जीबीच्या दोन स्टिक बसवलेल्या असताना तिथे ३२ ऐवजी १६ दिसत असेल, तर एक स्टिक ओळखलीच जात नाही आणि पाचव्या पायरीनंतर थेट सातवीकडे वळावे. ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ या नावापुढे काहीशे एमबी असणे सामान्य आहे. तिथे अनेक जीबी दिसत असतील तर दोन शक्यता असतात: प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सने बायोसमधून तो वाटा राखून ठेवला आहे, किंवा कोणीतरी सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या बूट विभागात ‘मॅक्सिमम मेमरी’ या चौकटीवर खूण करून ठेवली आहे. ती खूण संगणकाचा वेग वाढवते असा एक जुना गैरसमज आहे. प्रत्यक्षात ती रॅमवर मर्यादा घालते, त्यामुळे ती काढून टाकावी.

‘स्पीड’पुढील आकडा पाकिटावर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर त्याचा विचार पाचव्या पायरीत केला आहे. सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये ६००० च्या रॅमचा वेग ३००० च्या आसपास दिसतो, त्याने घाबरू नये. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती देते आणि तो प्रोग्राम ठोके मोजतो. त्याच प्रोग्राममध्ये दोन चॅनेल (प्रोसेसर आणि रॅम यांमधील मार्ग) चालू आहेत का हेही पाहून घ्यावे. डीडीआर५ या पिढीच्या प्रत्येक स्टिकमध्ये ३२ बिटचे दोन उपचॅनेल असल्याने दोन स्टिक नीट बसल्या असतील तर तिथे ‘४ गुणिले ३२ बिट’ असे दिसते.

आता ‘इन यूज’, ‘कॅश्ड’ आणि ‘कमिटेड’ हे तीन आकडे पाहू. ‘कॅश्ड’मधली रॅम वाया गेलेली नसते. पुन्हा लागू शकतील अशा फाइल विंडोज रिकाम्या जागेत ठेवते आणि गेमने मागताच ती जागा तत्काळ मोकळी करून देते. एका टिचकीत रॅम साफ करून देणारे प्रोग्राम हीच उपयुक्त साठवण पुसून टाकतात आणि मग तीच माहिती डिस्कवरून पुन्हा वाचावी लागल्याने गेम अधिकच अडखळतो. असे प्रोग्राम असतील तर काढून टाकावेत.

‘कमिटेड’ हा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रोग्रामने मेमरी मागितली की विंडोज त्याला ती देण्याचे वचन देते, मग तो ती लगेच वापरो वा न वापरो. या वचनांची बेरीज रॅम आणि पेज फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) यांच्या एकत्रित आकाराबाहेर जाऊ दिली जात नाही. मोठे गेम सुरुवातीलाच भरपूर मेमरी मागून ठेवतात आणि त्यातली बरीचशी कधीच वापरत नाहीत. त्यामुळे ‘इन यूज’ २० जीबीच असताना ‘कमिटेड’ ३१.५ पैकी ३१ जीबीवर पोहोचलेले असू शकते, आणि त्या क्षणी गेम ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत बंद पडतो. १२ जीबी रॅम मोकळी असताना मेमरी संपली कशी, हे कोडे ज्यांना पडते त्यांनी बहुधा कोणाच्या तरी सल्ल्याने पेज फाइल बंद करून ठेवलेली असते. भरपूर रॅम असेल तर पेज फाइल नको, हा सल्ला कितीही वेळा वाचनात आला तरी मानू नये.

पेज फाइल पूर्ववत करण्यासाठी ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘परफॉर्मन्स’खालील ‘सेटिंग्ज’, पुढे ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘व्हर्च्युअल मेमरी’ या क्रमाने जावे, तिचा आकार विंडोजने स्वतः ठरवावा या पर्यायावर खूण करावी आणि संगणक रीस्टार्ट करावा. पेज फाइल एसएसडीवर असावी आणि त्या एसएसडीवर निदान २०-३० जीबी जागा मोकळी असावी, कारण डिस्कच भरलेली असेल तर फाइलला वाढायला वाव उरत नाही. मेमरी खरोखर संपल्यामुळे गेम पडला का याचा पुरावा विंडोजमधील घटनांची नोंद ठेवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘सिस्टिम’ या नोंदवहीत मिळतो. तिथे ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ची २००४ क्रमांकाची नोंद असेल, तर त्या वेळी सर्वाधिक मेमरी धरून बसलेल्या तीन प्रोग्रामांची नावेही तिच्यात दिलेली असतात.

पेज फाइल व्यवस्थित असूनही गेम चालू असताना रॅम सतत ९० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि डिस्कची हालचाल थांबत नसेल, तर रॅम खरोखरच कमी आहे. आजच्या मोठ्या गेमसाठी १६ जीबी हे किमान समजावे. गेमच्या जोडीला ब्राउझर, व्हॉइस चॅट आणि रेकॉर्डिंग चालू ठेवणाऱ्यांना ३२ जीबी लागते.

पायरी तिसरी: मेमरी कोण गिळते आहे?

सुरुवातीला सुरळीत चालणारा गेम दोन तासांनी अडखळू लागत असेल तर मेमरी लीकचा, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करण्याच्या दोषाचा, संशय घ्यावा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ विभागात स्तंभांच्या नावांवर राइट क्लिक करून ‘कमिट साइझ’ हा स्तंभ जोडावा आणि गेमपुढचा आकडा दर अर्ध्या तासाने लिहून ठेवावा. प्रत्येक गेमचा आकडा पहिल्या काही मिनिटांत वाढतोच, त्यात वावगे काही नाही. पात्र एकाच जागी उभे ठेवून, काहीही न करताही आकडा चढतच राहिला, तर लीक गेममध्येच आहे. त्यावर गेमच्या पुढच्या पॅचची वाट पाहणे आणि तोवर मधूनमधून गेम बंद करून उघडणे यापलीकडे फारसा इलाज नसतो. मॉड घातलेले असतील तर ते आधी काढून पाहावेत.

कोणत्याही प्रोग्रामचा आकडा मोठा दिसत नाही आणि तरीही रॅम भरलेली आहे, असे असेल तर ‘मेमरी’च्या पानावरील ‘नॉन-पेज्ड पूल’ पाहावा. ही जागा विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर वापरतात. ती सहसा काहीशे एमबी ते एखाद जीबी असते. तिथे चार-पाच जीबी दिसत असतील तर एखादा ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत करत नाही. ‘गेमिंगसाठी नेटवर्क वेगवान करणारे’ प्रोग्राम, एलईडी दिव्यांचे रंग सांभाळणारे प्रोग्राम, व्हीपीएन आणि अँटिव्हायरस यांच्यावर पहिला संशय घ्यावा. सिस्टिम कॉन्फिगरेशनमधून मायक्रोसॉफ्टखेरीज इतर सर्व सेवा बंद कराव्यात आणि मग निम्म्या-निम्म्या करून चालू करत गेल्यास दोषी सेवा चार-पाच फेऱ्यांत सापडते. ऑनलाइन गेमची अँटी-चीट सेवा त्यात बंद झाली तर तो गेम तेवढ्यापुरता उघडणार नाही, हे लक्षात असू द्यावे.

इथे एक बारकावा सांगायला हवा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा बंद होत नाही. तो डिस्कवर जतन होतो आणि सकाळी तसाच उठतो. त्यामुळे ड्रायव्हरने गिळलेली मेमरी रोज संगणक बंद करूनही परत मिळत नाही. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर सगळे नव्याने सुरू करतो. प्रत्येक चाचणीआधी रीस्टार्टच करावा.

जुने, ३२ बिटचे गेम ही वेगळीच जात आहे. अशा गेमला मुळात २ जीबी आणि त्याच्या फाइलवर तशी परवानगी नोंदवलेली असेल तर ६४ बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंतच पत्ते मिळतात. भारी टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रे) असलेले मॉड घातल्यावर तो या मर्यादेला टेकून कोसळत असेल, तर संगणकात ६४ जीबी रॅम असली तरी उपयोग नाही.

पायरी चौथी: ही मेमरी रॅम आहे की ग्राफिक्स कार्डाची?

‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ या संदेशातील ‘व्हिडिओ’ हा शब्द घाईत वाचायचा राहतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘जीपीयू’ निवडल्यावर ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे दोन आलेख दिसतात. पहिला काठोकाठ भरून दुसरा वर चढू लागला, तर ग्राफिक्स कार्ड आपला भार रॅमवर टाकत आहे. रॅमपर्यंतचा रस्ता कार्डावरील मेमरीच्या तुलनेत फार अरुंद असल्याने कॅमेरा वळवताच झटके बसतात आणि भिंती काही क्षण धूसर दिसतात. गेममधील टेक्स्चरची गुणवत्ता एक पायरी खाली आणावी. ८ जीबीच्या कार्डावर एवढ्यानेच बहुधा फरक पडतो. सावल्या आणि प्रतिबिंबे कमी करण्याआधी टेक्स्चर कमी करावे, कारण मेमरी मुख्यतः तिथेच खर्च होते.

याच संदेशाचा एक फसवा प्रकार आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनरिअल इंजिनचे गेम व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश देऊन बंद पडत, आणि तेव्हा मेमरी भरपूर मोकळी असे. दोष प्रोसेसरमध्ये होता. जास्त व्होल्टेजमुळे त्याची स्थिरता कायमची ढासळत होती. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, जो बायोस अपडेटमधून येतो, आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड पुढचे नुकसान टाळतो, झालेले भरून काढत नाही. असा प्रोसेसर असेल आणि शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतानाच गेम पडत असेल, तर रॅमच्या मागे लागण्याआधी बायोसची तारीख पाहावी.

पायरी पाचवी: एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून पाहणे

चुकणाऱ्या संगणकासाठी सर्वांत फलदायी पायरी हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवू.

रॅमच्या पाकिटावर ‘६०००’ असे ठळक छापलेले असते, त्यामुळे तो तिचा स्वाभाविक वेग आहे असे वाटते. प्रत्यक्षात स्टिक स्वतःहून मानक वेगानेच सुरू होते: डीडीआर४ बहुधा २१३३ ते ३२००, डीडीआर५ बहुधा ४८०० किंवा ५६००. पाकिटावरचा वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक प्रोफाइल चालू करावे लागते. इंटेलच्या प्रोफाइलला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये आणलेल्या प्रोफाइलला एक्सपो म्हणतात, आणि काही मदरबोर्डांवर याच गोष्टीला डीओसीपी असे नाव असते. प्रोफाइल चालू केले की वेगाबरोबर व्होल्टेजही वाढते. डीडीआर४ चे १.२ वरून साधारण १.३५ व्होल्टवर जाते, डीडीआर५ चे १.१ वरून १.२५ ते १.४ च्या दरम्यान. हे सरळसरळ ओव्हरक्लॉकिंग आहे. स्टिक तो वेग झेपेल अशी तपासलेली असते, पण तिच्याशी बोलणारा प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर आणि मधला मदरबोर्ड यांची तशी हमी कोणी दिलेली नसते.

म्हणून बायोसमध्ये जाऊन प्रोफाइल बंद करावे, किंवा ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ निवडून बदल जतन करावेत. त्याआधी जुन्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पंख्यांचा वेग आणि बूटचा क्रमही पुसला जाईल. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवावी, कारण बायोसमधील बदलानंतर ती विचारली जाऊ शकते. मग दोन-तीन दिवस नेहमीचे गेम खेळावेत. काही फ्रेम कमी मिळतील, पण या दिवसांत एकही क्रॅश झाला नाही तर रॅम बिघडलेली नाही, ती फक्त अस्थिर आहे, हे जवळजवळ सिद्ध होते आणि नव्या खरेदीची गरज उरत नाही.

आता मानक सेटिंगवरच असताना बायोस अपडेट करावे. अस्थिर रॅमवर बायोस किंवा विंडोज कधीही अपडेट करू नये. चुकीची लिहिली गेलेली एखादी फाइल दुसरेच दुखणे उभे करते. नव्या बायोसमध्ये मेमरीची सुसंगतता पुष्कळदा सुधारलेली असते. मग प्रोफाइल पुन्हा चालू करून पाहावे आणि तरीही क्रॅश आले तर प्रोफाइल तसेच ठेवून फक्त वेग एक पायरी उतरवावा, उदाहरणार्थ ६००० ऐवजी ५६००. गेममध्ये हा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही, आणि स्थिर ५६०० हे अधूनमधून कोसळणाऱ्या ६००० पेक्षा केव्हाही बरे.

चार स्टिक बसवलेल्यांनी इथेच थांबून दोन काढून पाहाव्यात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला फक्त ३६०० आहे. यावरून चार स्टिकचा भार कंट्रोलरवर किती पडतो याची कल्पना यावी. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्या एकत्र लावल्या असतील तर नाव आणि आकडे तंतोतंत सारखे असले तरी आतल्या चिप निराळ्या असू शकतात. ३२ जीबी हवी असेल तर ८ च्या चार घेण्यापेक्षा १६ च्या दोन घ्याव्यात.

स्थिरतेसाठी व्होल्टेज वाढवण्याचे सल्ले खूप मिळतात. एएम५ (रायझन ७००० चे सॉकेट) मदरबोर्डांवर प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने २०२३ मध्ये एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, हे लक्षात ठेवून त्या आकड्याला अंदाजाने हात लावू नये. याच बोर्डांवर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ हा पर्याय असतो. तो संगणक लवकर सुरू करतो, पण त्यासाठी दर वेळची मेमरी ट्रेनिंग (रॅम आणि प्रोसेसर यांचा मेळ बसवून घेणे) टाळतो. एखाद्या दिवशी सुरळीत आणि दुसऱ्या दिवशी उठल्यापासूनच क्रॅश, असे चालले असेल तर तो बंद करून पाहावा.

पायरी सहावी: मेमरीची चाचणी

विंडोजमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ हे साधन असतेच. ते सुरू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ चाचणी निवडावी. निकाल नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स’ या नावाने सापडतो. या साधनाने दोष दाखवला तर तो मानावा, पण काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण ते फार कडक नाही.

खरी चाचणी मेमटेस्ट८६ किंवा मुक्तस्रोत असलेल्या मेमटेस्ट८६+ ने करावी. दोन्ही पेन ड्राइव्हवरून विंडोजबाहेर चालतात, त्यामुळे जवळपास संपूर्ण रॅम तपासता येते. पेन ड्राइव्ह तयार करताना त्यावरचे सगळे पुसले जाते, तेव्हा रिकामाच घ्यावा. मेमटेस्ट८६ ची मोफत आवृत्ती एका वेळी चार फेऱ्या करते, दुसरीला मर्यादा नाही. ३२ जीबीच्या चार फेऱ्यांना कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपावे. आधी मानक वेगावर चाचणी घ्यावी आणि ती निर्दोष झाली तरच प्रोफाइल चालू करून दुसरी घ्यावी. मानक वेगावर दोष आला तर काहीतरी खरोखर बिघडले आहे. फक्त प्रोफाइलवर आला तर पाचवी पायरी अजून संपलेली नाही.

‘आठ तासांत एकच एरर आली, चालेल का?’ असे नेहमी विचारले जाते. चालणार नाही. निरोगी मेमरीत या चाचणीची अपेक्षा शून्याची आहे. डीडीआर५ मध्ये ईसीसी (चूक सुधारण्याची सोय) असते म्हणून ती आपोआप दुरुस्त होते, हाही गैरसमज आहे. ती सोय चिपच्या आतील एका बिटची चूक सुधारते, चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेल्या चुकीला तिचा उपयोग नाही.

याउलट मेमटेस्ट रात्रभर निर्दोष चालते आणि गेम मात्र वीस मिनिटांत पडतो, असेही होते. कारण साधे आहे: चाचणीच्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड असते, आणि गेमच्या वेळी त्याची शेकडो वॅटची उष्णता थेट वर बसलेल्या स्टिकवर येते. ५०-५५ अंश सेल्सियसच्या पुढे घट्ट टायमिंगवर (कमी प्रतीक्षेवर) चालणारी डीडीआर५ चुकू लागू शकते. तिच्यात तापमापक असतो आणि त्याचा आकडा एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतो. तो गेम चालू असताना पाहावा. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून, स्टिकवर पंखा रोखून खेळल्यावर क्रॅश थांबले, तर निदान झाले. अशा वेळी विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा प्राइम९५ ची ‘ब्लेंड’ चाचणी लावावी, कारण त्यात रॅमबरोबर प्रोसेसरही तापतो.

पायरी सातवी: कॅबिनेट उघडणे

संगणक बंद करून वीजपुरवठ्याची वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. स्टिक कडांनी धराव्यात, सोनेरी संपर्कांना बोट लावू नये.

सर्वांत आधी प्रत्येक स्टिक काढून पुन्हा बसवावी. काही मदरबोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो, त्यामुळे दुसरे टोक अर्धवट वर राहिले तरी लक्षात येत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हरला दोन आठवडे दोष देत बसल्यावर अशीच केसभर वर राहिलेली स्टिक माझ्याही संगणकात निघाली आहे. संपर्क मळकट असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने हलके पुसावेत. खोडरबर घासू नये, त्याने मुलामा झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये जातो.

दोन स्टिक असतील तर त्या सामान्यतः प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असाव्यात. तरी मदरबोर्डच्या पुस्तिकेत एकदा खात्री करावी. मग एकच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून मेमटेस्ट, त्यानंतर त्याच स्लॉटमध्ये दुसरी स्टिक ठेवून मेमटेस्ट, असे करावे. एक स्टिक निर्दोष आणि दुसरी सदोष निघाली तर चोर सापडला. दोन्ही निर्दोष निघाल्या तर चांगली ठरलेली स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये तपासावी. दोष तिथे दिसला तर स्टिकची सुटका होते आणि संशय मदरबोर्ड किंवा प्रोसेसरवर जातो. अशा वेळी नवा मदरबोर्ड मागवण्याआधी कूलरचे स्क्रू पाहावेत. एका बाजूने जास्त आवळलेला कूलर प्रोसेसर सॉकेटवर असमान दाबतो आणि एखाद्या मेमरी चॅनेलचा संपर्क सुटतो; सॉकेटमधील वाकलेली एक पिनही तेच करते. कूलर काढून समान दाबाने पुन्हा बसवल्यावर हरवलेला चॅनेल परत येऊ शकतो.

स्टिक बदलल्यावर डीडीआर५ चा संगणक पहिल्यांदा सुरू होताना पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो आणि मदरबोर्डवरील ‘डीरॅम’ दिवा पेटलेला असतो. ही ट्रेनिंग चालू असते. निदान दहा-पंधरा मिनिटे वीज तोडू नये. त्यानंतरही काही झाले नाही तर वीज काढून सीएमओएस (बायोसच्या सेटिंगची साठवण) साफ करावे, म्हणजे पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना जोडाव्यात किंवा नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी.

पायरी आठवी: दोष सापडल्यानंतर

एकच स्टिक खराब निघाली तरी जोडीने घेतलेल्या दोन्ही स्टिक वॉरंटीत एकत्र परत कराव्यात, कारण जोडी एकत्र तपासलेली असते आणि बदली आलेली एकटी स्टिक जुनीशी जुळेलच असे नाही. रॅमच्या अनेक ब्रँडांची वॉरंटी आजीवन असते, तेव्हा जुने बिल शोधून पाहावे. मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो तक्रारीसोबत जोडावा.

मग विंडोजकडे वळावे. बिघडलेल्या रॅमने इतके दिवस डिस्कवर काय काय चुकीचे लिहिले असेल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून सिस्टिम फाइल चेकर चालवावा, प्रत्येक गेमच्या फाइल लाँचरमधून तपासून घ्याव्यात आणि त्या काळात घेतलेले बॅकअप जुन्या बॅकअपवर चढवू नयेत. दुरुस्तीनंतरही विंडोज अधूनमधून कुरकुरत राहिली तर ती नव्याने घालणेच कमी कष्टाचे ठरते. शेवटी प्रोफाइल चालू करून एक रात्र मेमटेस्ट आणि पुढचा आठवडाभर नेहमीचे गेम चालवावेत, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ लॉगर’ (डब्ल्यूएचईए) या नावाची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, एकही नवी नोंद आलेली नाही ना, हे पाहून मगच कॅबिनेटचे झाकण स्क्रू लावून बंद करावे.